हा दुसराच आहे

“मॅडम, हा दुसराच आहे.”

एवढंच म्हणाली ती. आवाज चढवला नाही, तक्रारीचा सूरही नव्हता. मी तोवर पुढच्या टेबलाकडे वळले होते. अजून अकरा टेबलं बघायची होती, आणि हातातल्या कागदावर तिच्या नावापुढे मी लिहूनही टाकलं होतं : ‘कल्पना चांगली, मांडणी नीटनेटकी, यंत्र बंद.’ नाशिक जिल्ह्यातल्या एका पॉलिटेक्निकचं मार्चमधलं प्रकल्प-प्रदर्शन होतं ते, आणि मी परीक्षक म्हणून गेले होते. तिच्या टेबलावर पुठ्ठ्याची छोटी कांदाचाळ होती. भिंतींना आइस्क्रीमच्या काड्या फटी ठेवून चिकटवलेल्या, आत खरे बारके कांदे. चाळीच्या मधोमध पांढरा जाळीदार सेन्सर टांगलेला आणि बाजूला झिरो पीसीबीवर, म्हणजे भोकाभोकांच्या पट्टीवर, ईएसपी३२ या छोट्या संगणक-चिपचा बोर्ड, मेमरी कार्डाचं मॉड्यूल, रंगीत तारा. चाळीतलं तापमान आणि ओल दर दहा मिनिटांनी कार्डावर लिहून ठेवायची, असा तिचा बेत. चाळीपाशी मोबाइलला रेंज नसते म्हणून कार्ड. घरची चाळ असलेल्या मुलीलाच सुचेल असा तो विचार होता. पण सकाळी तिनं प्रोग्राममध्ये एक किरकोळ दुरुस्ती करून पुन्हा कोड टाकायला घेतला आणि तेव्हापासून ते जमतच नव्हतं. टक्के शंभरपर्यंत जायचे आणि मग लाल अक्षरांत यायचं की पाठवलेली फाइल आणि चिपमधलं लिखाण जुळत नाही. मी बूटचं बटण दाबून पाहिलं, केबल हलवून पाहिली, आणि म्हणाले, “बोर्ड गेलाय गं. दुसरा एक जवळ ठेवायला हवा होतास.”

त्यावर तिचं ते वाक्य. आणि मी पुढे गेले.

परतताना नाशिक-पुणे एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली होती. सिन्नरच्या पुढे सूर्य उसाच्या तुऱ्यांवर टेकला, संगमनेरला अंधार पडला. आळेफाट्याला गाडी थांबली तेव्हा मी चहा घेतला आणि पहिल्याच घोटाला ते वाक्य परत कानात आलं. हा दुसराच आहे. म्हणजे पहिलाही असाच ‘गेला’ होता. म्हणजे तिनं साडेचारशे रुपये दोनदा घातले होते. दोन वेगळे बोर्ड, एकाच दुखण्यानं, एकाच जागी बसवल्यावर बंद पडतात, तेव्हा दुखणं बोर्डाचं नसतं. हे मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवते. तिनं तर मला आयतं निदान हातात ठेवलं होतं, आणि मला ते उलट उत्तरासारखं ऐकू आलं. चहा कपात तसाच राहिला. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा मी धावत गाडीत चढले.

आमच्या धंद्यात ‘गेला’ हा शब्द फार स्वस्त झालाय. बोर्ड गेला, चिप उडाली, पोर्ट मेला. कोड जात नाही म्हटलं की पहिलं वाक्य हेच. खरं तर ईएसपी३२ सारख्या चिपमध्ये फर्मवेअर, म्हणजे तिचा प्रोग्राम, टाकता टाकता तिला कायमचं मारणं जवळजवळ अशक्य असतं. तिच्या पोटात ४४८ किलोबाइटची रॉम, म्हणजे न पुसली जाणारी स्मृती, आहे, आणि बाहेरून कोड कसा घ्यायचा हा पहिला धडा कारखान्यातच त्या रॉममध्ये कोरलेला असतो. आपण वरच्या फ्लॅशमध्ये, म्हणजे पुसून लिहिता येणाऱ्या स्मृतीत, कितीही चुकीचं, अर्धवट, भलतंच काही लिहिलं तरी तो धडा पुसला जात नाही. वीज मिळाली आणि योग्य पिन योग्य क्षणी खाली ओढली गेली की ती पुन्हा पहिल्या वर्गातल्या मुलासारखी पाटी पुढे करते. हे मला ठाऊक होतं. अनेकांना सांगितलंही होतं.

आणि मला हे शिकवणारा माणूस कोण होता, तेही आळेफाट्याच्या पुढे अंधारात आठवत राहिलं. १९९९ साल. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमध्ये ईप्रॉम नावाच्या, पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या स्मृतीच्या चिपा असायच्या, पाठीवर गोल काचेची खिडकी असलेल्या. त्यातलं लिखाण पुसायचं तर चिप एका पत्र्याच्या पेटीत ठेवून तिच्यावर वीस मिनिटं अतिनील दिवा लावायचा. पेटीचा खण उघडला की नाकाला झोंबणारा एक वास यायचा, पाऊस पडायच्या आधी विजा चमकल्यावर येतो तसा. पुसलेल्या चिपमध्ये सगळीकडे एक असतात. लिहिणं म्हणजे त्यातल्या काही एकांची शून्यं करणं. माझी चिप पुसलीच जात नव्हती. दोनदा वीस-वीस मिनिटं झाली, तरी वाचून पाहिलं की मधेच जुनी शून्यं तशीच. मी लॅबच्या मामांना म्हणाले, ही चिप गेली, दुसरी द्या. मामांनी चिप हातात घेतली, ट्यूबलाइटखाली तिरकी धरली, आणि बराच वेळ बघत राहिले. मग कपाटातून स्पिरिटची बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला आणि ती वाटाण्याएवढी काच हळूहळू पुसली. स्टिकरचा डिंक आणि माझ्याच बोटाचा ठसा होता तिच्यावर. प्रकाश आतपर्यंत पोचतच नव्हता. “चिप देतो की,” मामा म्हणाले, “पण आधी काच पुसून बघा, ताई.” वीस मिनिटांनी ती चिप पांढरीशुभ्र झाली. म्हणजे आतून. बाहेरून ती होती तशीच काळी.

मामा दहावी शिकलेले होते. डेटाशीट त्यांनी कधी उघडली असेल असं वाटत नाही. पण वस्तू टाकायच्या आधी ती उजेडात धरून बघायची, ही सवय त्यांच्या हातात होती. पुढे मला कळलं की ईप्रॉमचा जन्मही असाच झालेला आहे. डोव्ह फ्रोमन इंटेलमध्ये बिघडलेल्या चिपा तपासत होते. काही ट्रान्झिस्टरांच्या गेटची जोडणी तुटलेली होती आणि त्या सुट्या पडलेल्या गेटवर विद्युतभार अडकून बसत होता. त्या अडकलेल्या भारातच त्यांना स्मृती दिसली, आणि १९७१ मध्ये ईप्रॉम आली. खराब माल म्हणून जे फेकलं जाणार होतं, त्याकडे कुणीतरी थांबून पाहिलं. आजच्या फ्लॅशमध्येही तत्त्व तेच आहे, अडकवून ठेवलेला भार. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्ये मांडली, आणि कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं क्षणात सगळं पुसतं म्हणून त्यांच्या एका सहकाऱ्यानं ते नाव सुचवलं. वीस मिनिटांचं पुसणं क्षणावर आलं. माझं बघणंही त्यासोबत क्षणावर आलं असावं.

कोड का जात नाही, याची कारणं तशी थोडीच आहेत आणि पुन्हा पुन्हा तीच येतात. सगळ्यात जास्त वेळा केबल. मोबाइल चार्जरसोबत येणाऱ्या कितीतरी स्वस्त केबलींत लाल आणि काळी अशा दोनच तारा असतात. हिरवी आणि पांढरी, जिच्यावरून बोलणं होतं ती जोडी, घातलेलीच नसते. बोर्डावरचा दिवा लागतो, त्यामुळे मुलांना वाटतं सगळं ठीक आहे, आणि कॉम्प्युटरला पोर्ट दिसतच नाही. बुधवार पेठेत तापकीर गल्लीतून आणलेली अशी एक केबल मी वर्गात ब्लेडनं सोलून दाखवते. दोन तारा बघितल्यावर मुलं जो ‘हाऽ’ करतात, तो मला फार आवडतो. माझ्या टेबलावर एका केबलला लाल दोरा गुंडाळलेला आहे. तिच्यावरून कोड गेलेला मी डोळ्यांनी पाहिलाय, म्हणून. बाकी मग ड्रायव्हर नसणं, लिनक्सवर पोर्ट वापरायची परवानगी नसणं, आणि नॅनो नावाच्या जुन्या बोर्डाशी नव्या वेगानं बोलणं. तिथं बूटलोडर, म्हणजे चिप सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्राम, ५७६०० नं बोलतो, आपण ११५२०० नं बोलत राहतो, आणि दहा वेळा ‘नॉट इन सिंक’ येतं. मेन्यूत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडलं की काम होतं. त्यावरून नवे बोर्ड कचऱ्यात गेलेले मी पाहिलेत.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते त्या ठिपक्यांचं. ‘कनेक्टिंग’ असं येतं आणि पुढे एकेक ठिपका उमटत जातो, मधेच खाली रेघा. त्या वेळात कॉम्प्युटर चिपला हाक मारत असतो. आधी दोन जुन्या तारा हलवतो, डीटीआर आणि आरटीएस. या तारा १९६० च्या आरएस-२३२ मानकातल्या, टेलिप्रिंटर आणि मोडेमच्या काळातल्या. एकीचा अर्थ ‘मी तयार आहे’, दुसरीचा ‘बोलू का?’ आज त्यांचं काम वेगळंच आहे. दोन ट्रान्झिस्टरांमधून त्या चिपचं रीसेट आणि शून्य क्रमांकाची पिन खाली-वर करतात, म्हणजे चिप जागी होताना ऐकायच्या स्थितीत जागी होते. मग कॉम्प्युटर एक छोटं पाकीट पाठवतो, ज्यात एक-शून्य-एक-शून्य असा एकच बाइट बत्तीस वेळा असतो. चिप त्यावरून समोरच्याचा वेग मोजते. भजनाच्या आधी पखवाजवाला पेटीचा सूर ऐकून पान लावतो, त्या शांततेसारखे मला ते ठिपके वाटतात. एखाद्या बोर्डावर ही वेळ जुळत नाही, तेव्हा बूटचं बटण हातानं दाबून धरावं लागतं किंवा ईएन, म्हणजे रीसेटची पिन, आणि ग्राउंड यांच्यामध्ये एक-दोन मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा लागतो. कपॅसिटरमुळे चिप जागं व्हायला जरा उशीर करते, आणि तेवढ्या उशिरानं सगळं जुळतं.

पण तिच्या बोर्डाला ठिपके अडकत नव्हते. तो ऐकत होता, उत्तर देत होता, टक्के शंभर होत होते. न जुळणं त्याच्यानंतरचं होतं.

राजगुरुनगर आलं. इथंच कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे, आणि त्या गावाचं नाव दिसताच मला तिच्या पुठ्ठ्याच्या चाळीतले खरे कांदे दिसले. मी मोबाइल काढला. गुण देताना विसर पडू नये म्हणून प्रत्येक टेबलाचा एक फोटो घेतला होता. तिचा फोटो मोठा केला. सोल्डरिंग सुरेख होतं, प्रत्येक टाका डोंगरासारखा चमकदार, कुठे गोळा नाही. दुसऱ्या बोर्डासाठी तिनं फिमेल स्ट्रिप, म्हणजे बोर्ड खोचून काढता येईल अशी पट्टी, लावली होती, म्हणजे पहिला उपटताना झालेल्या त्रासातून ती शिकली होती. कार्डाच्या मॉड्यूलमधून चार तारा निघत होत्या. पिवळी १३ वर, निळी १२ वर, हिरवी १४ वर, आणि एक नारिंगी पलीकडच्या रांगेत १५ वर. मी निळ्या तारेवर थांबले. गाडी चाकणच्या खड्ड्यांतून चालली होती आणि फोटो हातात थरथरत होता, पण १२ हा आकडा स्पष्ट होता.

बारा नंबरची पिन ही त्या चिपच्या जागं होण्याशी जोडलेल्या मोजक्या पिनांपैकी एक. वीज आली की पहिल्या क्षणी चिप तिच्याकडे बघते आणि फ्लॅशला किती व्होल्ट द्यायचे ते ठरवते. पिन खाली असेल तर ३.३, वर असेल तर १.८. मोकळी सोडली तर चिप स्वतःच तिला खाली धरून ठेवते आणि सगळं सुरळीत चालतं. पण मेमरी कार्डाच्या मॉड्यूलवर तांदळाच्या कणीएवढे रेझिस्टर असतात, पाठीवर १०३ लिहिलेले, म्हणजे दहा किलोओहम. कार्डाच्या रेघा वर ओढून ठेवायचं काम त्यांचं. निळ्या तारेतून तेच ओढणं बाराव्या पिनेवर येत होतं. चिप जागी व्हायची, पिन वर दिसायची, आणि ती ३.३ व्होल्टच्या फ्लॅशला १.८ वर ठेवायची. रॉम जागी, बोलणं चालू, पण वही, म्हणजे फ्लॅश, मात्र अर्धपोटी. कॉम्प्युटर लिहित जायचा, चिप हो म्हणत जायची, वहीत काही उमटायचंच नाही. शेवटी ताळा घेतला की जुळणार कसा? आणि घरी सगळं चाललं होतं कारण तेव्हा कार्ड जोडलेलं नव्हतं. मोकळ्या बोर्डात कोड टाकून मग तिनं तो बसवला असणार. बसवल्यावर बंद. काढताना पहिल्याला नको तेवढी उष्णता लागली असेल अशी तिनं स्वतःची समजूत घातली असणार, आणि दुसरा आणला असणार.

दोन्ही बोर्ड धडधाकट होते.

दुसऱ्या दिवशी तिच्या सरांना फोन केला, आणि संध्याकाळी तिचा मला आला. मी आधी माफी मागितली. ती गडबडली, “नाही नाही मॅडम, असं काय,” म्हणत राहिली. मग मी निळ्या तारेचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. म्हटलं, कळलं का? म्हणाली, “कळलं. म्हणजे मी कार्डाला दोष दिलाच नव्हता, कारण कार्ड नवीन होतं.” मी सांगितलं, १२ वरची तार काढून १९ वर लाव आणि प्रोग्राममध्ये तेवढा आकडा बदल. दुसराही एक उपाय आहे, चिपमधले ई-फ्यूज, म्हणजे एकदाच बदलता येणारे आतले दुवे, कायमचे जाळून फ्लॅशला ३.३ व्होल्टच द्यायचे असं ठरवून टाकायचं. त्यासाठी कॉम्प्युटर ‘बर्न’ हा शब्द स्वतः टाइप करायला लावतो, कारण त्यानंतर परत फिरता येत नाही. कारखान्यात हजार बोर्ड बनवताना तो मार्ग योग्यच आहे. शिकणाऱ्या मुलीच्या हातातल्या चिपला मी तो कधीच सुचवणार नाही. तिला अजून दहा वेळा मत बदलायचं आहे. एक तार हलवून काम होत असेल तर तारच हलवावी.

गुणांचं मात्र काही करता आलं नाही. याद्या त्याच संध्याकाळी गेल्या होत्या, बक्षीस दुसऱ्या गटाला मिळालं होतं, आणि त्यांचा प्रकल्पही चांगलाच होता. मी सरांना पत्र लिहिलं, काय झालं ते सगळं लिहिलं, त्यांनी ते वर्गात वाचून दाखवलं म्हणे. ‘यंत्र बंद’ हे दोन शब्द माझ्या अक्षरात तिथल्या फायलीत आहेत ते आहेतच.

दोन रविवारांनी तिचा पुन्हा फोन आला. कांदा काढणी सुरू झाली होती, मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. १९ वर तार लावल्यावर पहिल्याच फटक्यात कोड गेला, आता यंत्र खऱ्या चाळीत लावलंय, रिकाम्या चाळीतले आकडे आधी घेऊन ठेवतेय, म्हणाली. पंचवीस-तीस अंश आणि पासष्ट ते सत्तर टक्के ओल, यात चाळ किती वेळ राहते ते तिला बघायचं होतं. मग जरा थांबून विचारलं, “मॅडम, मग तो पहिला?”

“कुठे आहे तो?”

“कोनाड्यात. मी टाकत होते, पप्पा म्हणाले साडेचारशेची वस्तू टाकतात होय.”

मी म्हटलं, आण. लॅपटॉपही आण. आधी उजेडात धरून पिना बघ, सोल्डरचा गोळा दोन पिनांमध्ये अडकलाय का. अडकला होता एका ठिकाणी. तिनं इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, तापवायला लावली आणि आम्ही दोघी फोनवर गप्प बसलो. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. गोळा निघाला. मग म्हटलं, लाकडी पाटावर ठेव, पत्र्यावर नको, काहीही जोडू नकोस, आणि जिच्यावरून दुसऱ्यात कोड गेला तीच केबल लाव. “कनेक्टिंग आलं,” ती म्हणाली. “ठिपका. ठिपका. ठिपका. गेलं पुढे.” मी खुर्चीत पुढे सरकले. “शंभर टक्के.” इथंच ते लाल अक्षर यायचं. “काय लिहिलंय?” मी विचारलं. तिनं सावकाश वाचलं, “हॅश ऑफ डेटा व्हेरिफाइड.” म्हणजे ताळा जुळला होता. मी श्वास सोडला. पहिली फाइल बूटलोडरची, ती वहीत उमटली म्हणजे बाकीच्याही उमटणार, हे मला कळलं होतं. पण ती वाचतच राहिली. दुसरी छोटी फाइल, परत शंभर, परत तेच वाक्य. तिसरी, परत तेच. “आता मोठी आलीय मॅडम. पाच. नऊ. चौदा.” तिला थांबवावंसं वाटलं नाही. मी डोळे मिटून ऐकत बसले. एकतीस. सदतीस. ट्रॅक्टर बंद झाला. कुणीतरी तिला जेवायला हाक मारली, तिनं “आले” म्हटलं आणि पुढचा आकडा वाचला. चौसष्ट. अठ्ठ्याऐंशी. शंभर.

“व्हेरिफाइड,” ती म्हणाली. “आणि खाली, हार्ड रीसेटिंग व्हाया आरटीएस पिन.” मग फोन बाजूला धरून, घरात कुणाला तरी, “पप्पा, पहिला पण चांगलाय!”